केबलकडून स्टिककडे: डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

काम: सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या घरी टीव्हीला एचडीएमआय स्टिक (मागच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसणारं छोटं इंटरनेट उपकरण) लावून चॅनेल इंटरनेटवरून पाहण्याची सोय करणं.

कसोटी एकच ठेवली आहे. टीव्ही चालू केल्यापासून नेहमीचं चॅनेल लागेपर्यंत रिमोटची फार तर चार बटणं दाबावी लागावीत. केबलवर चॅनेलचा नंबर बोटांना पाठ असतो. अंधारात, चष्म्याशिवायही तो दाबता येतो. स्टिकवर नंबरच नाही, चित्रांच्या रांगा आहेत. तेवढी सहजता आणता आली नाही तर ते घर केबलवरच राहील. स्टिक लावल्यानंतर महिनाभर कोणाचीही केबल बंद करायची नाही.

प्रत्येक घरासाठी एक पान केलं. त्यात टीव्हीची कंपनी आणि साल, मागे रिकामं एचडीएमआय पोर्ट आहे का, जवळ रिकामा प्लग आहे का, टीव्हीच्या अगदी मागे फोन धरल्यावर वाय-फायच्या किती रेघा दिसतात, रोज कोणते कार्यक्रम किती वाजता पाहिले जातात, आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येणार. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बहुतेक अ‍ॅपमध्ये मोबाइल नंबर आणि ओटीपीनेच शिरता येतं. खातं मुलाच्या नंबरवर आणि मुलगा बंगळुरूला असेल, तर एखाद्या संध्याकाळी अ‍ॅप आपोआप लॉगआउट झालं की मालिका गेलीच. खातं टीव्ही पाहणाऱ्याच्या स्वतःच्या नंबरवर काढायचं.

खर्चाचा हिशेबही याच पानावर. केबलच्या पावतीत दोन भाग असतात: नेटवर्क शुल्क आणि चॅनेलची किंमत. नेटवर्क शुल्काला आधी १३० रुपयांची मर्यादा होती, म्हणजे १८ टक्के जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ती मर्यादा काढली, त्यामुळे आता प्रत्यक्ष पावतीच पाहावी लागते. दुसऱ्या बाजूला अ‍ॅपचं वर्षाचं शुल्क भागिले बारा. ब्रॉडबँड घरात आधीपासून असेल तरच हा हिशेब बसतो. फक्त टीव्हीसाठी ब्रॉडबँड घ्यायचं असेल तर दोन-तीन मालिका पाहणाऱ्या घराला केबलच स्वस्त पडते.

११ जानेवारी २०२५

खरेदी. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक घ्यायचं ठरलं. मेनू हिंदीत करता येतो, दुरुस्तीच्या पायऱ्या सगळ्या घरांत सारख्या राहतात आणि रिमोट सहज मिळतो. साध्या एचडी स्टिकमध्ये १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते. त्यातली बरीचशी जागा आधीच भरलेली असते. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीच्या पडद्यावर १३६६ × ७६८ ठिपके असतात, तिथे फोर-के चित्राचा काही उपयोग नाही. पण २ जीबी रॅमवाल्या फोर-के मॅक्समध्ये एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाताना वेळ कमी लागतो, आणि चॅनेल बदलत राहण्याची सवय असलेल्यांना चित्राच्या बारकाव्यापेक्षा हा वेळच जास्त जाणवतो. म्हणून जिथे तीन-चार अ‍ॅप लागणार तिथे २ जीबीवाली, जिथे एकाच अ‍ॅपवर भागेल तिथे साधी.

बाजारात हजारबाराशेला मिळणाऱ्या बिननावाच्या अँड्रॉइड पेट्या घ्यायच्या नाहीत. 'पाच हजार चॅनेल वर्षभर फुकट' अशी जोडणी तर नाहीच. परवान्याशिवाय प्रक्षेपण पुढे पाठवणं हा कॉपीराइट कायद्याचा भंग आहे, हे एक. दुसरं, अशा पेट्यांमध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर येतं. टी-९५ नावाच्या पेटीत ते जानेवारी २०२३ मध्ये सापडलं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने अशाच, 'बॅडबॉक्स' नावाच्या घातक सॉफ्टवेअरची बाधा झालेल्या सुमारे ३०,००० उपकरणांचा हल्लेखोरांशी असलेला संपर्क तोडला. ज्या वाय-फायवर आजोबांचं बँकेचं अ‍ॅप चालतं त्याच वाय-फायवर अशी पेटी बसवणं आम्हाला मान्य नाही.

प्रत्येक घराचं सामान: स्टिक, तिच्याच खोक्यातला अडॅप्टर आणि केबल, एचडीएमआय एक्स्टेंडर (स्टिक आणि टीव्हीमधली छोटी तार), स्विच असलेला एक्स्टेंशन बोर्ड, ट्रिपल ए आकाराचे चार सेल (दोन लावायला, दोन टीव्हीखालच्या खणात), दुहेरी चिकटपट्टी, पांढरं लेबल आणि जाड काळं पेन.

१९ जानेवारी २०२५

जोडणी सुरू. पहिला नियम विजेचा: टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर स्टिक चालवायची नाही. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ०.५ अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. स्टिकला १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट लागतात. मेनूमध्ये फिरताना अडीच वॅट पुरतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. चित्र उलगडण्याचं काम आणि वाय-फाय एकदम जोरात सुरू झालं की व्होल्टेज खाली येतं आणि स्टिक परत सुरू होते. लोगो दिसतो, मेनू येतो, मालिका लावली की पुन्हा लोगो. 'स्टिक खराब निघाली' म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्या कित्येक स्टिकचा दोष एवढाच असतो. शिवाय टीव्ही बंद केला की यूएसबी पोर्टही बंद होतं, मग दर वेळी स्टिक पहिल्यापासून उठेपर्यंत थांबावं लागतं.

लांब केबलही तपासावी. खोक्यातली केबल पुरत नाही म्हणून लावलेली तीन मीटरची बारीक चार्जिंग केबल तेवढाच घोटाळा करते, कारण तिच्या तारांमध्येच व्होल्टेज पडतं. प्लग लांब असेल तर एक्स्टेंशन बोर्ड जवळ आणावा, यूएसबी केबल लांबवू नये.

एक्स्टेंडर दर वेळी लावायचा, जागा असली तरी. स्टिक थेट टीव्हीच्या पाठीत खुपसली की तिला टीव्हीची उष्णता लागते आणि मागच्या धातूच्या पत्र्याआड वाय-फाय कमी पोचतं. भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीत तर पोर्टच मोडतं.

टीव्हीचा आवाज साउंडबारमधून येत असेल तर 'एआरसी' लिहिलेलं पोर्ट साउंडबारला सोडून स्टिक दुसऱ्या पोर्टवर. जुन्या टीव्हीवर चित्र येतं पण आवाज नाही, अशा वेळी 'सेटिंग्ज', 'डिस्प्ले अँड साउंड्स', 'ऑडिओ' इथे जाऊन 'पीसीएम' (साधा आवाज) निवडायचं. टीव्हीला डॉल्बी पद्धतीचा आवाज उलगडता येत नसतो, तरी स्टिक तेच पाठवत असते.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर आधी टीव्हीच्या मेनूत 'पिक्चर साइझ' बदलून 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करावं. ते जमलं नाही तरच स्टिकमधलं 'कॅलिब्रेट डिस्प्ले'. तिथे चार कोपऱ्यांतले बाण पूर्ण दिसले की पुरे.

२६ जानेवारी २०२५

वाय-फाय. इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार राउटर, आणि सगळे २.४ गिगाहर्ट्झवर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे वाय-फायचे चॅनेल (लहरींचे उपविभाग, टीव्हीचे चॅनेल नव्हेत) तीनच: १, ६ आणि ११. राउटर 'ऑटो'वर ठेवला तर तो कधी कधी मधलाच एखादा धरतो आणि दोन्ही शेजाऱ्यांशी भांडतो. १२ किंवा १३ वर गेला तर काही उपकरणांना नेटवर्क दिसतच नाही. १, ६, ११ पैकी सगळ्यांत मोकळा हाताने निवडून ठेवला.

टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत किंवा मध्ये एकच भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झच. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर स्टिक कधी इकडे कधी तिकडे जाते, म्हणून ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं. याचा आणखी एक फायदा: रिमोट ब्लूटूथवर चालतो आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच वापरतं. स्टिक ५ वर नेली की रिमोटचं अडखळणंही कमी होतं. दोन भिंतींपलीकडे मात्र ५ गिगाहर्ट्झ फार कमजोर होतं, तिथे २.४ बरं.

राउटरवर सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए ३' असेल तर जुन्या स्टिक जोडल्या जात नाहीत. 'डब्ल्यूपीए २' किंवा मिश्र ठेवावं.

वेग किती लागतो? एचडीला सलग ५ एमबीपीएस पुरतात. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. फोनवरच्या चाचणीत ९० दिसलं तरी टीव्हीच्या मागे ४ मिळत असतील तर चित्र अडकणारच. म्हणून वेग स्टिकवरच पाहायचा: 'सेटिंग्ज', 'नेटवर्क', आपल्या नेटवर्कच्या नावावर आलं की प्ले-पॉजचं बटण.

डेटाचा अंदाज: ५ एमबीपीएस म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. दिवसाला सहा तास टीव्ही चालला तर महिन्याला साधारण ४०० जीबी. घरच्या फायबरला हे जड नाही. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचे २ जीबी तासाभराच्या आत संपतात, त्यामुळे हॉटस्पॉटवर टीव्ही चालवण्याची मागणी असलेल्या घराला नाही म्हटलं.

गॅलरीतल्या खोलीत, जिथे दोन्ही पट्टे पोचेनात, तिथे ॲमेझॉनचा इथरनेट अडॅप्टर लावून राउटरपासून लॅनची तार ओढली. अडॅप्टर १०० एमबीपीएसचाच आहे, पण लागतात पाच. तार दरवाजाच्या चौकटीवरून नेली. जमिनीवरून नेलेल्या तारेत पाय अडकतात.

२ फेब्रुवारी २०२५

अ‍ॅप आणि खाती. इथे सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत.

अ‍ॅपवर मालिका मिळते, पण 'चॅनेल' मिळेलच असं नाही. झी मराठीच्या मालिका झी ५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, स्टार प्रवाहच्या हॉटस्टारवर, कलर्स मराठीच्या जिओ सिनेमावर. तिथे त्या भाग म्हणून येतात: आजचा, कालचा, परवाचा. संध्याकाळी सात वाजता टीव्ही लावून साडेदहापर्यंत एकामागून एक जे येईल ते पाहणाऱ्या व्यक्तीला ही मांडणी परकी वाटते. भाग संपला की पुढची मालिका आपोआप लागत नाही, त्याच मालिकेचा दुसरा भाग लागतो. ज्यांना वेळेवर एकच मालिका पाहायची आहे त्यांना अ‍ॅप उत्तम. ज्यांना घरात टीव्हीची सोबत हवी आहे, त्यांना चॅनेलची यादी असलेलंच अ‍ॅप द्यायला हवं. ते ब्रॉडबँड कंपनीच देते. जिओच्या घरगुती जोडणीवर जिओ टीव्ही प्लस फायर टीव्हीवर चालतं आणि त्यात चॅनेल भाषेनुसार लावलेले असतात. आधी कोणतं ब्रॉडबँड आहे ते पाहा, मग अ‍ॅप ठरवा.

बातम्यांना पैसे लागत नाहीत. एबीपी माझा, टीव्ही ९ मराठी, झी २४ तास यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं. थेट व्हिडिओची खूण मात्र जपून ठेवू नये. प्रक्षेपण तुटून पुन्हा सुरू झालं की व्हिडिओचा पत्ता बदलतो आणि जुन्या खुणेवर कालचा मजकूर किंवा रिकामा पडदा येतो. त्याऐवजी वाहिनीला सबस्क्राइब करून ठेवावं, डावीकडच्या पट्टीतून तिच्या पानावर गेलं की थेट व्हिडिओ वरच दिसतो.

टीव्हीवर ६ आकडी कोड येतो तेव्हा तो पडद्यावर दिलेल्या पत्त्यावरच टाकायचा. 'ॲक्टिव्हेशन'साठी गुगलवर शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. कोणतीही कंपनी या कोडसाठी पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार. हे वाक्य प्रत्येक घराच्या पानावर लाल पेनने लिहिलं.

ऑटो-पे: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे सूचना वाचली नाही तर पैसे गेले. वर्षाची योजना संपण्याची तारीख पानावर लिहिली आणि ऑटो-पे बंद ठेवला.

१६ फेब्रुवारी २०२५

१४ तारखेला जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओ हॉटस्टार झालं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच अ‍ॅपमध्ये, म्हणजे आमच्या मांडणीत एक बटण कमी. सगळ्या स्टिकवर जुनं जिओ सिनेमा काढून टाकलं, हॉटस्टार अद्ययावत केलं, कुठे पुन्हा लॉगिन मागतंय ते पाहिलं. निळ्या-काळ्या चौकोनाचं रूप बदलल्यामुळे 'माझं अ‍ॅप गेलं' असे फोन येणार, म्हणून नव्या चिन्हाची रंगीत छपाई घरोघर दिली.

२३ फेब्रुवारी २०२५

आज दुबईत भारत-पाकिस्तान सामना. एका मजल्यावर केबल, दुसऱ्यावर स्टिक, आणि जल्लोष आधी केबलवाल्या घरातून. याचं कारण समजून घेणं गरजेचं आहे, कारण ते वेग वाढवून दुरुस्त होत नाही.

उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर असला तरी सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. इंटरनेटवर मात्र चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पाठवता येत नाही. तो वेगवेगळ्या दर्जात तयार होतो, मधल्या सर्व्हरवर जातो, आणि स्टिक असे दोन-तीन तुकडे हाताशी जमवल्यावरच पहिला दाखवते, म्हणजे नेट क्षणभर अडखळलं तरी चित्र थांबत नाही. तुकडा सहा सेकंदांचा धरला तर नुसत्या साठ्यातच बारा ते अठरा सेकंद जातात. एकूण उशीर साधारण २० ते ४० सेकंद. मध्ये पॉज केलं की तेवढा आणखी वाढतो. तो कमी करायला अ‍ॅपमधलं 'लाइव्ह' बटण दाबावं, किंवा अ‍ॅपमधून बाहेर येऊन परत आत जावं. उरलेला उशीर राहतोच. क्रिकेट जिवापाड पाहणाऱ्या घराला हे आधी सांगावं.

२ मार्च २०२५

बातम्यांची पट्टी झटके देत सरकते, ही तक्रार बऱ्याच घरांतून. वेग चांगला, वाय-फाय चांगलं, तरी झटके. हा प्रश्न नेटचा नाही.

भारतात टीव्हीचं प्रक्षेपण सेकंदाला २५ चित्रांचं आहे, प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं, म्हणून ते ५० हर्ट्झचं. स्टिक मात्र बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, चित्र बाहेर टाकते. २५ चित्रं ६० खाचांत बसवायची तर प्रत्येकाच्या वाट्याला २.४ खाचा येतात. अर्धी खाच नसतेच. मग एक चित्र दोन खाचा टिकतं, दुसरं तीन, अशी २, २, ३, २, ३ मांडणी होते. माणूस बोलत असताना हे दिसत नाही. आडवी सरकणारी अक्षरं मात्र दर काही क्षणांनी अडखळतात, आणि ती वाचणाऱ्या वयस्कर डोळ्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे वळतो तेव्हाही तेच.

उपाय: 'सेटिंग्ज', 'डिस्प्ले अँड साउंड्स', 'डिस्प्ले', 'व्हिडिओ रेझोल्यूशन' इथे 'ऑटो' सोडून '१०८०पी ५० हर्ट्झ' निवडायचं. एचडी रेडी टीव्हीवर '७२०पी ५० हर्ट्झ' चालतं. निवडल्यावर स्टिक 'हे दिसतंय का' विचारते, उत्तर दिलं नाही तर थोड्या वेळात जुन्यावर परत येते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पडदा काळाच राहिला तर रिमोटचं वरचं बाणाचं आणि व्हिडिओ मागे नेण्याचं (रिवाइंड) बटण एकत्र पाच सेकंद दाबून धरावं. स्टिक एकेक रेझोल्यूशन दाखवत जाते.

मराठी चॅनेल आणि बातम्या पाहणाऱ्या प्रत्येक स्टिकवर ५० हर्ट्झ केलं. परदेशी चित्रपट मुख्यतः २४ चित्रांचे असतात, ते पाहणाऱ्या घरात ६० ठेवून 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' चालू केलं, जिथे अ‍ॅप ते मानतं. या एका सेटिंगने जेवढं समाधान मिळालं तेवढं महागड्या स्टिकनेही मिळालं नसतं.

१० मार्च २०२५

दोन घरांत मुलांनी पूर्वी दिलेले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट (गुगलची टीव्हीला लावायची स्टिकसारखी उपकरणं) होते. कालपासून जगभरातले ते बंद पडले आहेत: उपकरण खरं असल्याचं सिद्ध करणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली. फोनवर 'अविश्वासू उपकरण' असा संदेश येतो. फॅक्टरी रीसेट करायचं नाही, नुसतं लावून ठेवायचं, दुरुस्ती गुगलकडूनच येणार.

१६ मार्चची पुरवणी: दुरुस्ती आपोआप आली, दोन्ही चालू. रीसेट केलेल्यांना फोनवरचं गुगल होम अ‍ॅप अद्ययावत करून नव्याने जोडणी करावी लागली.

कोणत्याही बिघाडात क्रम हाच ठेवावा: आधी अ‍ॅप बंद करून उघडा, मग स्टिकची वीज मिनिटभर काढा, मग राउटर बंद-चालू, मग अ‍ॅपचा कॅश (तात्पुरता साठा) साफ. रीसेट सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर सगळे ओटीपी पुन्हा गोळा करावे लागतात.

३० मार्च २०२५

रिमोट. खरं काम इथे आहे.

घरात दोन रिमोट राहिले तर गोंधळ नक्की. म्हणून एचडीएमआय सीईसी (टीव्ही आणि स्टिक एकाच रिमोटने चालवण्याची सोय) चालू केलं. टीव्हीच्या मेनूत प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय: सॅमसंगवर ॲनिनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की स्टिकच्या रिमोटचं होम बटण दाबल्यावर टीव्ही चालू होतो आणि योग्य पोर्टवर येतो. टीव्हीचा मूळ रिमोट पिशवीत घालून कपाटात.

आवाजाचं बटण चालत नाही पण बाकी सगळं चालतं, अशी तक्रार आली तर रिमोट बिघडलेला नाही. मेनूची बटणं ब्लूटूथने जातात, आवाजाची आणि पॉवरची इन्फ्रारेडने थेट टीव्हीला. टीव्हीसमोर फुलदाणी किंवा शोकेसची काच आली की आवाजच तेवढा बंद. समोरचं मोकळं करावं, नाहीतर 'इक्विपमेंट कंट्रोल'मध्ये टीव्हीची कंपनी पुन्हा निवडावी.

रिमोट पूर्ण मुका झाला तर नवे सेल घालून होम बटण दहा सेकंद दाबून धरायचं. तोपर्यंत फोनवरचं फायर टीव्ही अ‍ॅप रिमोट म्हणून चालतं, फोन त्याच वाय-फायवर हवा.

मुख्य पडद्यावर हवी ती अ‍ॅप पुढे आणली: अ‍ॅपवर आलं की तीन रेघांचं बटण, मग 'मूव्ह'. घरातल्या पाहण्याच्या क्रमाप्रमाणेच रांग लावली, सकाळच्या बातम्या म्हणून यूट्यूब पहिलं, संध्याकाळचं मालिकांचं दुसरं. न लागणारी काढता येतील तेवढी काढली. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'फीचर्ड कंटेंट'मध्ये आपोआप चालणारे व्हिडिओ आणि त्यांचा आवाज दोन्ही बंद केले. टीव्ही लावताच मोठ्याने जाहिरात सुरू होणं हे वयस्कर माणसाला दचकवणारं आहे. खरेदीला पिन घातला.

माइकचं बटण धरून हिंदीत 'यूट्यूब खोलो' म्हटलं की उघडतं. ज्यांचे हात थरथरतात त्यांना बाणांपेक्षा हे सोपं. लेबलवर मोठ्या अक्षरांत तीनच ओळी: 'घर – सुरुवात', 'गोल – हो', 'वळलेला बाण – मागे'.

२० एप्रिल २०२५

काही स्टिक मंदावल्या. साठवण भरली. ८ जीबीत ५०० एमबीहून कमी मोकळी राहिली की अद्ययावत होणं अडतं आणि अ‍ॅप मध्येच बंद होतात. 'ॲप्लिकेशन्स', 'मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स' इथे अ‍ॅपवर जाऊन 'क्लिअर कॅश'. त्याच्याच जवळच्या 'क्लिअर डेटा'ला हात लावायचा नाही, त्याने लॉगिन जातं.

११ मे २०२५

एका घरी २१ इंची जुना काचेचा टीव्ही, फक्त पिवळी-पांढरी-लाल एव्ही पिन. एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लावला. कन्व्हर्टरला स्वतःची ५ व्होल्टची वीज लागते, ती दिली नाही तर चित्र नाही. बाजूची कळ 'पाल'वर (भारतातली टीव्ही-चित्राची पद्धत) हवी, 'एनटीएससी'वर राहिली तर काही टीव्हींवर रंग जातात. स्टिक ७२०पीवर ठेवली.

चित्र आलं, पण अ‍ॅपची अक्षरं वाचता येत नाहीत. मेनू मोठ्या पडद्यासाठी रेखलेले आहेत. दुसरं, पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये आवाज येतो आणि पडदा काळा: कन्व्हर्टर एचडीसीपी या नक्कलविरोधी सुरक्षेची खात्री देऊ शकत नाही, म्हणून अ‍ॅप चित्र रोखतं. निर्णय: काचेच्या टीव्हीला स्टिक लावायची नाही.

त्याऐवजी त्या घरी डीडी फ्री डिश. ६० सेंटिमीटरची छत्री आणि एव्ही पिन असलेला बॉक्स, महिन्याचं शुल्क नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर कायम आहे. खाजगी मराठी वाहिन्या कोणत्या राहतील ते जागांच्या लिलावावर ठरतं. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. डोंबिवलीतून छत्रीचं तोंड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३२ अंशांवर, म्हणजे जवळपास आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर. छत्री ऑफसेट प्रकारची (सिग्नल घेणारा भाग मध्याऐवजी खाली असलेली) असल्यामुळे ती दिसायला एवढी वर पाहत नाही. कोन छत्रीमागच्या पाटीवरच्या खुणेने लावावा, नजरेने नाही. समोरच्या इमारतीमागे आकाश लपत असेल तर छत्री गच्चीवर.

२८ मे २०२५

पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत पोचला. जोरदार सरीत छत्रीचं चित्र जातं, कारण छत्रीला येणाऱ्या केयू पट्ट्यातल्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. सर ओसरली की येतं. फायबरला पावसाने काही होत नाही, पण खांबांवरून आणलेली तार झाडाच्या फांदीने तुटते आणि मग जोडायला माणूस येईपर्यंत सगळंच बंद. ज्या घरात टीव्हीशिवाय दिवस जाणार नाही तिथे दोन्ही ठेवावं.

वीज गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, पण राउटर दुसऱ्या प्लगवर असल्याने नेट जातं. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा पाहायचा: १२ व्होल्ट १ अँपिअर की दीड की दोन. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही वीज लागते, एक यूपीएस दोघांना देणारी दुहेरी तार मिळते. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट देऊ नये.

१३ जुलै २०२५

आढावा. मालिका भागवार पाहणाऱ्या आणि बातम्यांवर भागणाऱ्या घरांनी केबल सोडली. दिवसभर टीव्हीची सोबत लागते आणि ब्रॉडबँड कंपनीचं चॅनेल-अ‍ॅप मिळत नाही, अशी घरं केबलवर राहिली. त्यांच्या स्टिक यूट्यूबवरच्या कीर्तनांसाठी आणि नातवंडांच्या व्हिडिओंसाठी चालतात. सेट टॉप बॉक्स परत करणाऱ्यांनी केबलवाल्याकडून बॉक्स जमा केल्याची सहीची पावती घ्यावी, अनामत असेल तर तिची रक्कम त्यावर लिहून घ्यावी.

पुढची कामं: ऑगस्टमध्ये संपणाऱ्या दोन वार्षिक योजनांचं नूतनीकरण, तिसऱ्या मजल्यावर राउटरचा चॅनेल ११ वरून ६, एक जादा रिमोट आणि ट्रिपल ए सेलचा एक डबा जिन्याखालच्या कपाटात.